मिश्र जंगल लावताना कोण कोणाशेजारी: कोल्हापूरच्या पश्चिम पट्ट्यातल्या वीस गुंठ्यांचा आराखडा

पडीक वीस गुंठ्यांवर पन्नास जातींची पाचशे रोपं आणून हाताला येईल तसं लावायचं, याला बहुतेक ठिकाणी मिश्र लागवड म्हणतात. पाच-सहा वर्षांनी तिथं जाऊन पाहिलं तर दोन-तीन जातींचीच झाडं वर गेलेली असतात. हिरडा, अंजनी, कोकम यांपैकी काही मेलेली असतात, काही खुरटलेली, तर काही उजेडाच्या शोधात काठीसारखी उंच होऊन वाकलेली. जाती खूप होत्या, पण कोण किती वेगानं वाढतं, कोणाला सावली चालते आणि कोण कोणाच्या शेजारी उभं आहे, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. हा आराखडा शेजार ठरवण्याचाच आहे. तो राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगड, आजरा, चंदगड आणि पन्हाळ्याचा पश्चिम भाग डोळ्यांसमोर ठेवून केला आहे. शिरोळ-हातकणंगल्याच्या कोरड्या बाजूसाठी काय बदलायचं ते शेवटाकडे आहे.

मिश्रणानं नेमकं काय होतं

एकाच जातीची, एकाच वयाची झाडं एकाच उंचीवर पानं धरतात आणि मुळंही साधारण एकाच थरात पसरतात. उजेड, पाणी, नत्र सगळं एकाच पातळीवर ओढलं जातं. त्याऐवजी वर विरळ पानांचं, मध्ये दाट पानांचं आणि खाली सावली सोसणारं झाड असेल तर वरून निसटलेला उजेड खालचं झाड वापरतं. तेवढ्याच जमिनीवर पानांचं एकूण क्षेत्र वाढतं. पाचोळ्याचंही तसंच आहे. पांगारा, शिरीष यांचं पान लवकर कुजतं आणि नत्र सोडतं, ऐन-अंजनीचं चिवट पान सावकाश कुजतं आणि जमीन झाकून ठेवतं. दोन्ही एकत्र पडली की जमिनीला खतही मिळतं आणि पांघरूणही.

याला मोजमापाचा आधार आहे. चीनच्या च्यांगशी प्रांतातल्या मोठ्या प्रयोगात आठ वर्षांनी सोळा जातींच्या तुकड्यांमध्ये एकजातीय तुकड्यांच्या सरासरीपेक्षा दुपटीहून जास्त कार्बन साठला होता. इथं ‘सरासरीपेक्षा’ हा शब्द नीट वाचावा. लाकडासाठी लावल्या जाणाऱ्या जोमदार जातींशी तुलना केली की ही दरी बरीच मिटते. म्हणून फक्त बल्ली किंवा लगदा विकायचा असेल तर मिश्र जंगलाच्या भानगडीत पडू नये, एकच जात सोपी पडते. जमीन सुधारणं, झरा टिकवणं, मधमाश्या, फळ आणि लाकूड असं सगळं थोडं थोडं हवं असेल तर पुढचं वाचा.

आधी देवराई पाहा

जातींची यादी इंटरनेटवरून घेऊ नये. आपल्या शेतापासून जवळची, साधारण तेवढ्याच पावसाची देवराई गाठा आणि गावकऱ्यांना विचारून आत जा. सगळ्यात वर कोण आहे, त्याच्या खाली कोण, कंबरेएवढी पोरं कोणाची आहेत, असे तीन रकाने करून लिहा. वर एक जात आणि खाली तिची पोरं दिसत नसतील, तर ती उजेडाची जात. दाट सावलीतही जिची पोरं तग धरून आहेत ती सावलीची जात. सह्याद्रीच्या माथ्यावरचं जंगल अभ्यासक अंजनी-जांभूळ-पिसा या तिघांवरून ओळखतात. त्याच्या पूर्वेला उतरलं की ऐन, किंजळ, नाणा, हिरडा, बेहडा, कुंभा वाढत जातात.

जमिनीवर आधीच काय आहे तेही पाहा. ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी यांचे जुने खुंट पडीक रानात हमखास असतात. दरवर्षी कोयता लागल्यामुळे त्यांचं झुडूप झालेलं असतं. अशा खुंटावर जोमदार एक-दोन फुटवे ठेवून बाकीचे छाटले की त्या जागी नवं रोप लावायची गरज नाही. खाली मुळं तयार असल्यानं फुटवा नव्या रोपाला सहज मागे टाकतो.

एक इशारा इथंच देतो. जांभ्याच्या उघड्या सड्यावर (कातळाच्या सपाट पठारावर) झाडं लावू नयेत. मसाई पठारासारखे सडे हे उजाड झालेलं जंगल नव्हेत. पावसाळी फुलांचं आणि गवताचं ते स्वतंत्र जग आहे. तिथं खड्डे खणून ना झाड जगतं ना सडा उरतो.

माती तपासायला तीन ठिकाणी दोन-दोन फुटांचे खड्डे घ्या आणि पाण्यानं भरा. चोवीस तासांत पाणी जिरलं नाही तर तिथं हिरडा, शिवण, पांगारा नको. जांभूळ, करंज, उंबर चालतील. दीड फुटातच सलग कातळ लागला तर ती जागा करवंद-निरगुडीला द्या.

चार गट

धावती झाडं: पांगारा, चांदाडा, शिवण, काटेसावर. वर्षाला तीन-चार फूट सहज वाढतात, सावली आणि पाचोळा लवकर देतात, पाचव्या वर्षापासून टप्प्याटप्प्यानं काढायची असतात.

मुख्य झाडं: ऐन, किंजळ, नाणा, जांभूळ, हिरडा, बेहडा, कुंभा, आंबा, फणस. वीस वर्षांनंतरचं छत यांचं.

मधली, सावली सोसणारी: कोकम, अंजनी, पिसा.

झुडपं: करवंद, निरगुडी, अडुळसा, कारवी. कडेनं सागरगोटा आणि शिकेकाई, कुंपण म्हणून.

उंबर किंवा नांद्रुक वीस गुंठ्यांत चारच पुरेत, तेही मुख्य झाडाच्या जागेवर. फळं खायला पाखरं येतात आणि पुढची निम्मी पेरणी तीच करतात.

नत्र स्थिर करणारं, म्हणजे हवेतलं नत्र मुळांवरच्या गाठींत बांधणारं, झाड प्रत्येक मिश्रणात असावं, पण शेंग येते म्हणजे नत्र मिळतं असं नाही. बहावा, चिंच, आपटा ही शेंगांची झाडं असूनही त्यांच्या मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत. पांगारा, शिरीष, खैर, करंज, गिरिपुष्प यांच्या येतात. जांभ्याच्या लाल मातीत स्फुरद अडकून पडतो आणि स्फुरदाशिवाय या गाठी नीट काम करत नाहीत. म्हणून पांगाऱ्याच्या खड्ड्यात दोन मुठी हाडखत आणि जुन्या पांगाऱ्याखालची ओंजळभर माती टाकावी. नत्रासाठी सगळा भार पांगाऱ्यावरही टाकू नये. त्याच्या कोवळ्या फांद्यांवर आणि पानांवर गाठी आणणारी बारीक गांधीलमाशी आली की वाढ थांबते. गाठी आलेल्या फांद्या छाटून जाळाव्यात. कडेनं गिरिपुष्प किंवा शिरीष असेल तर काम अडत नाही.

गुंठ्याचा पट

आपल्याकडं जमीन गुंठ्यात मोजतात, ते या कामाला फार सोयीचं आहे. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट. त्यात ६.६ फुटांवर (साधारण दोन मीटर) पाच ओळी आणि प्रत्येक ओळीत पाच जागा बसतात. कडेची ओळ हद्दीपासून ३.३ फूट आत. म्हणजे गुंठ्याला २५ जागा, वीस गुंठ्यांत ५००.

२५ पैकी ५ धावती, १० मुख्य, ६ मधली, ४ झुडपं. धावती झाडं बुद्धिबळातल्या घोड्याच्या चालीनं बसवायची: पहिल्या ओळीत पहिली जागा, दुसरीत तिसरी, तिसरीत पाचवी, चौथीत दुसरी, पाचवीत चौथी. हाच पट प्रत्येक गुंठ्यात त्याच दिशेनं ठेवला तर शेताच्या कडा सोडून उरलेल्या प्रत्येक झाडाला त्याच्या चार सख्ख्या शेजाऱ्यांपैकी नेमकं एक धावतं झाड मिळतं. कोणी दोन धावत्यांच्या मध्ये चिरडत नाही आणि कोणी सावलीविना राहत नाही. पुढं धावती काढली की प्रत्येकाची एकच बाजू उघडते, छताला भगदाड पडत नाही.

एका गुंठ्याचा नमुना असा:

पहिली ओळ: पांगारा, ऐन, ऐन, कोकम, करवंद
दुसरी ओळ: जांभूळ, ऐन, चांदाडा, कोकम, हिरडा
तिसरी ओळ: जांभूळ, अंजनी, कोकम, हिरडा, पांगारा
चौथी ओळ: जांभूळ, शिवण, अंजनी, हिरडा, निरगुडी
पाचवी ओळ: निरगुडी, अंजनी, अडुळसा, चांदाडा, हिरडा

यात दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. मुख्य जाती एकाआड एक न लावता तीन-चारच्या घोळक्यानं लावल्या आहेत. हिरडा सावकाश वाढतो. त्याच्या चारी बाजूंना वेगळ्या, वेगवान जाती आल्या तर तो आठ वर्षांत हरतो. घोळक्यात त्याची निम्मी स्पर्धा दुसऱ्या हिरड्याशी असते, आणि शेवटी चारपैकी एक-दोन चांगले उरले तरी जात टिकते. रोपं एकाआड एक लावली की कागदावर विविधता जास्त दिसते, रानात कमी उरते.

दुसरी गोष्ट कोकमाच्या शेजारची. पांगारा, शिवण, काटेसावर ही पानगळीची झाडं. कोकमाच्या रोपाला सावलीची गरज फेब्रुवारी ते मे या काळात सगळ्यात जास्त असते आणि नेमकी तेव्हाच ही झाडं उघडी पडतात. म्हणून तिन्ही कोकमांना लागून बारमाही पानाचा चांदाडा आहे (पहिल्या ओळीतल्या कोकमाला तो शेजारच्या गुंठ्याच्या पाचव्या ओळीतला मिळतो). अंजनी चिवट आहे, तिला शिवणीचा शेजार चालतो. कोकमात नर-मादी झाडं वेगळी असतात आणि बियांपासूनच्या रोपांत नर किती निघतील ते आधी कळत नाही, त्यामुळं फळ हवं असेल तर एक-दोन कोकम लावून भागत नाही.

पुढच्या गुंठ्यात मुख्य तीन जाती बदला: किंजळ-नाणा-बेहडा, मग आंबा-कुंभा-ऐन. निवड करताना फुलोऱ्याचा क्रमही पाहा. पांगारा-सावर शिमग्याच्या आसपास, जांभूळ मार्च-एप्रिल, मग हिरडा, ऐन पावसाच्या तोंडावर, किंजळ पावसाळ्याच्या अखेरीस. पाटगावच्या बाजूला मधपेट्या ठेवणाऱ्यांना या क्रमाचं मोल वेगळं सांगायला नको.

लागवड टप्प्यांनी

सगळी रोपं एकाच पावसात लावणं ही सर्रास होणारी चूक. पहिल्या वर्षी धावती १००, मुख्य २०० आणि झुडपं ८०, अशी ३८० लावा. मधल्या १२० जागांवर तूर टोका. ती जानेवारीपर्यंत सावली देते, मुळांनी माती मोकळी करते आणि घरात डाळ येते ती वेगळीच. कोकम, अंजनी, पिसा तिसऱ्या पावसाळ्यात, चांदाड्याची सावली पडू लागल्यावर लावायची. उघड्या उन्हात लावलेली अंजनी मरत नाही, पण वर्षानुवर्षं वीतभरच राहते.

खड्डे एप्रिल-मे महिन्यात, दीड फूट लांब-रुंद-खोल. जांभ्यात दोन फूट. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. भरताना वरची माती तळाला, त्यात एक पाटी पूर्ण कुजलेलं शेणखत आणि शंभर-दीडशे ग्रॅम निंबोळी पेंड. अर्धवट कुजलेलं खत टाकलं की वाळवी लागते. जास्त पावसाच्या गावात खड्डा भरून वर चार बोटं उंचवटा ठेवा, नाहीतर जुलैत मुळं पाण्यात कुजतात. उतारावर रोपाच्या खालच्या अंगाला अर्धगोल बांध घाला.

पिशवीतलं रोप घेताना तळ बघा. मूळ पिशवीत गोल फिरलेलं असेल तर ते रोप फुकट मिळालं तरी नको. तसं झाड चार-पाच वर्षं बरं वाढतं आणि एका वादळी पावसात मुळासकट आडवं होतं. मुख्य जातींचं दीड-दोन फुटांचं, दणकट बुंध्याचं रोप पुरे. पाच फुटी रोपाला आधाराची काठी आणि जास्त पाणी लागतं, आणि दोन वर्षांत छोटं रोप त्याला गाठतं. रोपं घरी करायची तर जांभळाचं बी पिकल्यावर पंधरा दिवसांच्या आत पेरा, वाळलं की उगवत नाही. एका जातीचं बी किमान सात-आठ वेगवेगळ्या झाडांखालून घ्या. पांगारा आणि गिरिपुष्प यांची रोपं कशाला, अंगठ्याहून जाड, चार फुटी फाटे पहिल्या पावसात रोवले की फुटतात.

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस होऊन हातभर माती ओली झाली की लागवड सुरू करा आणि जून संपेपर्यंत उरका. पाणी साचणाऱ्या कोपऱ्यातली रोपं ऑगस्टच्या मध्यापर्यंत थांबवा.

पहिली तीन वर्षं

ऑगस्ट आणि ऑक्टोबरमध्ये प्रत्येक रोपाभोवती तीन फुटांचं आळं स्वच्छ करा. सगळं रान तासून काढू नका, मधलं गवत राहू द्या, नुसतं कापा आणि कापलेलं आळ्यात पसरा. आच्छादन चार इंच जाड, पण खोडापासून चार बोटं लांब. खोडाला चिकटलं की साल कुजते आणि उंदीर कुरतडतात. रानमोडी आणि घाणेरी मात्र मुळासकट उपटा. रानमोडी दिवाळीनंतर फुलते, त्याआधी.

पाणी पहिल्या उन्हाळ्यात, फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत, दहा-बारा दिवसांनी रोपाला दहा लिटर. रोज तांब्याभर घालण्यानं मुळं वरच राहतात. दुसऱ्या उन्हाळ्यात फक्त मुख्य झाडांना, महिन्यातून दोनदा.

खरं नुकसान वणवा आणि गुरं करतात. जानेवारीअखेर चारी बाजूंनी दहा-पंधरा फुटांचा जाळपट्टा काढून घ्या. शिंगं घासणाऱ्या गव्यापुढं तारेचं कुंपण टिकत नाही. सागरगोटा आणि करवंदाची दाट काटेरी कड तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून गुरं तरी अडवते. गव्याच्या वाटेवरची झाडं मोडणार हे धरून त्या कडेला पांगारा-गिरिपुष्पाचे जाड फाटे लावा, ते मोडून पुन्हा फुटतात.

मेलेल्या रोपांच्या जागी पुढच्या जूनमध्ये तीच जात लावण्याआधी ते का मेलं ते उकरून पाहा. मूळ काळं पडून वास येत असेल तर पाणी साचलं, बुंध्याला मातीचं लिंपण असेल तर वाळवी, बुंधा तिरका तुटलेला असेल तर ससा.

पाचव्या वर्षापासून: मोजणी आणि विरळणी

चौथ्या-पाचव्या वर्षी धावत्यांची छतं एकमेकांना भिडतात आणि इथून मिश्रण बिघडायला सुरुवात होते. दर हिवाळ्यात ठरलेल्या चार गुंठ्यांतल्या सगळ्या झाडांचा घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर शिंप्याच्या टेपनं मोजा. उंची खुणेच्या बांबूनं. मग उंची (फूट) भागिले घेर (इंच) गुणिले ३८ करा. येणारा आकडा म्हणजे उंची खोडाच्या जाडीच्या किती पट आहे. २० फुटी झाडाचा घेर साडेसात इंच असेल तर उत्तर शंभरच्या वर जातं, म्हणजे झाड उजेडासाठी नुसतं ताणलं गेलंय आणि पावसाळी वाऱ्यात ते वाकणार. ८० च्या आत असलेलं झाड ठीक. दुसरी खूण: हिरवा शेंडा एकूण उंचीच्या एक तृतीयांशाहून कमी उरला असेल तर झाड दबलं आहे.

मुख्य झाड दबलं की आधी त्याच्यावर आलेल्या धावत्याच्या तेवढ्याच फांद्या उतरवा. हे काम मे अखेरीस करावं. छाटलेला पाला पहिल्या पावसात कुजतो, आणि जूनपासून वाढीच्या दिवसांत खाली उजेड मिळतो. हिवाळ्यात छाटलं तर खालच्या कोकमाला उन्हाळाभर चटके बसतात. एवढ्यानं भागलं नाही तर पाचव्या-सहाव्या वर्षी पांगारे काढा, सातव्या-आठव्या वर्षी शिवण आणि निम्मे चांदाडे. एका वर्षात दहापैकी एकाहून जास्त झाड काढू नये. एकदम उजेड पडला की रानमोडी पुन्हा घुसते आणि सावलीत वाढलेली पातळ सालीची झाडं उन्हानं तडकतात. शिवणीची बल्ली विकली जाते, पांगाऱ्याचं लाकूड जागेवरच कुजू द्या.

दहाव्या वर्षाच्या सुमारास घेरांची वर्गवारी करून प्रत्येक वर्गातली झाडं मोजली की आकड्यांचे दोन उंचवटे दिसतात: मोजकी जाड धावती आणि पुष्कळ बारीक मुख्य-मधली. धावती जसजशी जातात तसा जाड झाडांचा उंचवटा विरतो. तसा विरत नसेल तर विरळणीत हात आखडला आहे.

शिरोळ, हातकणंगले, नदीकाठ

कोरड्या पट्ट्यात मिश्रणाची कोंडी उजेडात होत नाही, पाण्यात होते. सहा फुटांचं अंतर तिथं दाट ठरतं. अकरा फूट ठेवा, म्हणजे गुंठ्याला नऊ जागा. कडुलिंब, करंज, शिरीष, बाभूळ, चिंच, बोर, सीताफळ अशा जाती घ्या. क्षारपड जमिनीत आधी चर काढून निचरा करा, मग करंज आणि बाभूळ. पंचगंगेच्या पुरात बुडणाऱ्या काठावर वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन. २०१९ आणि २०२१ सारख्या पुरात आठवडाभर पाणी उभं राहिलं तर पूर सोसणाऱ्या याच जाती कामाच्या.

चौरस मीटरला तीन रोपं लावण्याची मियावाकी पद्धत शहरातल्या एखाद्या गुंठ्याला ठीक. वीस गुंठ्यांना सहा हजार रोपं लागतात, आणि विरळणी न केल्यास खोडं बारीकच राहतात. पश्चिम पट्ट्यात पाऊस आणि खुंट दोन्ही असताना एवढा खर्च कशासाठी?

तोडीआधी

महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे हिरडा, ऐन, किंजळ, जांभूळ, आंबा, फणस, खैर ही झाडं स्वतःच्या मालकीच्या जमिनीवरची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आराखड्यात काढायची झाडं म्हणून पांगारा, चांदाडा, शिवण घेण्यामागं हेही एक कारण आहे. तरी कुऱ्हाड लावण्याआधी आणि माल वाहून नेण्याआधी वनक्षेत्रपाल कार्यालयात विचारून घ्या. लागवडीच्या वर्षीच गावकामगार तलाठ्याकडून सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घेतली तर पुढं वाद होत नाहीत.

धावतं झाड काढल्यावर रिकाम्या झालेल्या जागेत पुन्हा धावतं नको. दोन पावसाळे वाट पाहा, पाखरांनी टाकलेलं काही उगवतं का ते बघा. उगवलंच नाही तर पिसा किंवा नाणा लावा.